भोंगाकाकीची कुजबुज

काकी किनाऱ्यावर बोलली की आमच्या घरातली मांजर उठून बसायची. तोंडवलीतली पोरं तिला भोंगाकाकी म्हणत, आणि तेही तिच्या तोंडावर. तिला त्याचा राग नव्हता, उलट थोडा अभिमानच होता. "समुद्राच्या वर आवाज जावक होयो," ती म्हणायची, "नायतर मासे कोण घेतला?" माझं माहेर कट्टा गावचं. लग्नाच्या आधी कितीतरी वर्षं मी तिचा आवाज ओळखत होते. कट्ट्याच्या बाजारात माशांची पाटी उतरली की आमच्या घरापर्यंत बांगड्यांचा भाव ऐकू यायचा. ही बाई पुढे माझी चुलतसासू होणार आहे हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी लग्नाचा फेरविचार केला असता.

सासूबाई माझा नवरा लहान असतानाच गेल्या होत्या आणि त्याला काकीनंच वाढवलं होतं. माझीही आई लग्नाआधी गेली. त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी करायचा प्रश्नच आला नाही. काकीनं परस्पर जाहीर केलं, "हिचा सगळा मी करतलंय," आणि ते निम्म्या गावानं ऐकलं.

तिनं केलंही सगळं. बाजारातून आली की आधी विहिरीवर आंघोळ, लुगडं बदलून मगच खोलीत पाऊल. माशाचे हात बाळाला लागायचे नाहीत, हा तिचा नियम. सकाळी पेज, दुपारी कमी तिखटाचं मोरी माशाचं सार. मोरीनं बाळंतिणीला दूध येतं, यावर तिची देवापेक्षा जास्त श्रद्धा. माहेरी आमच्या शेतकरी घरात मासे खायचे, पण मोरीचा वास मला सोसत नसे. मी नाक दाबून प्यायची आणि ती समोर बसून वाटी रिकामी होईपर्यंत हलायची नाही.

पण एक गोष्ट तिनं अशी केली की तिनं ती केली हे तिलाच ठाऊक नव्हतं. बाळ बघायला बायका यायच्या. त्या दारापुढच्या खळ्यात टेकल्या की काकीचा भोंगा सुरू व्हायचा. "काय सांगा गे, हिच्या आंगावर दूधच नाय! चेडू नुसता रडता!" रोज येणाऱ्या प्रत्येकीला हेच. भिंतीपलीकडे मी लेकीला छातीशी धरून ते ऐकायची. दवाखान्यातल्या सिस्टरनं मला नीट सांगितलं होतं की बाळाला पाजत राहा, दूध येतं. पण सिस्टर एकदाच बोलली होती, आणि काकी रोज, तेही त्या आवाजात. लेक रडली की मला वाटायचं, उपाशी आहे. मग पावडरीचा डबा आला, बाटली आली. बाटली वाढली तसं अंगावरचं दूध खरंच कमी झालं आणि थोड्याच महिन्यांत संपलं. लेक बाटलीवर छान वाढली, ठणठणीत आहे, आज मला ऐकत नाही एवढी ठणठणीत. पण आपल्याला एवढंसुद्धा जमलं नाही, हे माझ्या मनातून गेलं नाही.

लेक चार वर्षांची झाली आणि मला पुन्हा दिवस गेले. पोट मोठं होत गेलं तशी तीच भीती परत आली. एका संध्याकाळी काकी मागल्या दारी मासे साफ करत होती. मी तिच्याशेजारी बसून विचारलं, "काकी, ह्या वेळाक पण माका दूध इला नाय तर?"

"पयल्या वेळाक नाय होता? तुका कोणी सांगल्यान?"

"तूच. अख्ख्या वाडीक सांगत होतंस."

तिचा कोयता थांबला. ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगो बाय," ती म्हणाली, "तां मी दिष्ट लागा नये म्हणान! बाळंतिणीच्या दुधाचा कौतुक भायर करूचा नसता. आसला तरी नाय म्हणूचा. सगळीच म्हणतत. तुज्या म्हायेराक म्हणनत नाय?"

आमच्या घरी कुणी म्हणत नसे. आमच्याकडे बारशापर्यंत बाहेरच्या बाईला खोलीतच घेत नसत. नजर लागायला माणूस हवं ना! त्यामुळे दुधाचा विषयच निघत नसे. मला राग आला. खरंच आला. एका खोट्या वाक्यापायी मी इतके महिने रडले होते, आणि येणाऱ्या बायकांपैकी एकीनंही ते खरं मानलं नव्हतं. खरं मानणारी मी एकटीच. काकीनं कोयता खाली ठेवला. मग पुटपुटली, "माज्या तोंडान तुजा दूध आटवल्यान." एवढ्या हळू आवाजात बोललेली मी तिला पहिल्यांदाच ऐकली, आणि माझा राग तिथंच निम्मा झाला.

दुसऱ्या खेपेला मुलगा झाला. या वेळी सगळंच वेगळं होतं. पहिल्या वेळी बाळाला कसं धरायचं इथपासून माझी झटापट होती, मान कुठे, तोंड कुठे. आता हातांना आपसूक कळत होतं. दूधही लवकर उतरलं. पण याला पाजायला घेतलं की पोटात अशी कळ यायची की मी दात आवळून धरायची. "दुसऱ्याक येतत कळा," काकी म्हणाली, "पोट जागेर जाता. बरा आसा तां." आणि मोरीचं सार मी या वेळी स्वतःहून मागून घेतलं. ती इतकी खूश झाली की उद्याची मोरी आजच आणून ठेवली.

मग बायका यायला लागल्या. मी आत कान टवकारून बसले. दिष्टीवरचा विश्वास काही काकी सोडणार नव्हती, तो सोडणं म्हणजे तिच्या लेखी नातवाला उघड्यावर टाकणं. खळ्यातून भोंगा वाजलाच. "काय सांगा गे! दूधच नाय हिका!" मी बाळाला आणखी जवळ ओढलं. तेवढ्यात दार ढकलून काकी आत आली, माझ्या कानाशी वाकली आणि कुजबुजली, "मस्त आसा दूध. भियाव नको." आणि बाहेर जाऊन पुन्हा गळा काढला.

पुढे हे रोजचंच झालं. बाहेर खोटं ठणठणीत आवाजात आणि आत खरं, कानात. एखाद्या दिवशी चार बायका एकापाठोपाठ आल्या तर तिला चार फेऱ्या पडायच्या. मी हसायची, तरी ती आत यायचीच.

लेक मात्र दारात तोंडात बोट घालून उभी राहायची. एकदा म्हणाली, "माका पण होया." भाऊ पीत असताना मला तिच्यासाठीच रडू येत होतं, हे तिला कसं सांगणार? काकीनं तिला माझ्याजवळ बसवलं. "तू मोठा ना गो? मग तुजा काम वेगळा. झील दूध पिता काय नाय, तां आयकाचा. घुटके आयक." लेकीनं भावाच्या पाठीला कान लावला. काकीही गप्प झाली. तिघी मिळून आम्ही त्याचं घुट्‌ घुट्‌ ऐकत बसलो. त्या दिवसापासून पाजायची वेळ झाली की लेक हातातलं खेळणं टाकून धावत यायची, आणि सगळ्यांना दटावून गप्प करायची. भोंगाकाकीलासुद्धा.

धाकटा अजून अंगावर पीत होता तेव्हा काकीला दम लागायला लागला. पाटी सुटली, मग बाजार सुटला, मग ती खाटेवरच आली. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. समाचाराला बायका येत, त्याच सगळ्या. एका दुपारी खळ्यात बऱ्याच जणी जमल्या आणि माझ्या तोंडून आवाज निघाला तो मलाच नवा होता. "काकी बरी आसा गे! पुढल्या बाजाराक पाटी घेऊन येतली!"

आत आले तर काकी हसत होती. "बरो लागलो आवाज," ती म्हणाली. मी धाकट्याला मांडीवर घेऊन खाटेला टेकून बसले. तो प्यायला लागला. तिनं माझ्याकडे मान वळवली. "भायर सांगलंस. भितर काय सांगतलंस?"

डॉक्टरांचं मला माहीत होतं, आणि तिलाही. मी तिच्या कानाशी वाकले. "मी हयसर, तुज्याजवळच आसंय. भियाव नको."

तिनं डोळे मिटले. मला आणखी बरंच बोलायचं होतं, तिचे उपकार, माझा तो जुना राग, सगळंच. तोंड उघडलं तशी ती म्हणाली, "गप रव. घुटके आयकाक दी."

मी गप्प राहिले. आम्ही दोघी ऐकत राहिलो.