खालची जाळी

मी त्यांचे दोन्ही पाय धरले आणि ओढलं. ते हलले नाहीत. पुन्हा जोर लावला तेव्हा दाराबाहेर आले, पण डोकं आतल्या पत्र्यावर आपटलं. एरवी एवढं लागलं असतं तर माझ्या माहेरचा उद्धार केला असता. त्या दिवशी तोंडातून आवाज नाही.

खाली वाळूवर घेतलं. घेतलं कसलं, पाडलं. चेहरा लाल होता, उन्हातून चालून आल्यासारखा, म्हणून मला वाटलं माणूस धडधाकट आहे. गालांवर मारलं, तोंडावर पाणी मारलं. "अहो, उठा," म्हटलं. मग "उठा आता, नाटकं पुरे," असंही म्हटलं. मलाच ओकाऱ्या येत होत्या, डोकं फुटत होतं. समोर कच्छचं रण, नुसता वारा आणि धूळ, सूर्य नुकताच बुडालेला. मागे आमची पिकअप गाडी, तिच्या पाठीवर ते घर, छप्पर मिटलेलं. आत गॅसची शेगडी अजून चालू होती. ती बंद करायला मला पुन्हा आत जावं लागलं.

ते घर माझ्या नवऱ्याच्या हौसेचं. त्यात माझं नाव घालू नका.

नोकरी होती एका कारखान्यात. निवृत्त झाले आणि बडोद्यातल्या मांजलपूरच्या घरात दिवसभर मोबाइल घेऊन बसायला लागले. त्यात कुठल्या कुठल्या देशातली म्हातारी माणसं गाडीच्या पाठीवर घर बांधून फिरायची. छप्पर वर उचलायचं की उभं राहायला जागा, खाली दाबायचं की गाडी पुन्हा बुटकी. ते मला हाका मारून दाखवायचे.

"अगं बघ, आत पलंग, शेगडी, सगळं आहे."

"आपल्याकडे आत्ता काय नाही?"

"तुला हौसच नाही कसली."

मला हौस होती. माझं स्वयंपाकघर मागच्या बाजूला, तिन्ही भिंती बंद. लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हापासून मी म्हणत होते, मागच्या भिंतीला एक खिडकी काढून द्या. ते म्हणायचे, काढू. फोडणीच्या धुरात माझे डोळे गेले, पण खिडकी निघाली नाही. आणि या गाडीच्या घराला चारी बाजूंनी कापड, कापडाला चेन लावलेल्या खिडक्या. काम सुरू झालं तेव्हा मी एवढंच विचारलं, "माझी खिडकी हिला लागली का?" ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला बरंच झालं.

जुनी पिकअप घेतली. डभोई रोडवर एक मिस्त्री टेम्पोचे हौदे आणि पिंजरे बांधायचा, त्याला गाठलं. तिशीतला गुजराती मुलगा, बायको-पोरं असलेला, हात चांगला. असलं घर त्यानं कधी केलं नव्हतं, आणि ह्यांनीही फक्त मोबाइलवर बघितलं होतं. रोज सकाळी हे स्कूटर काढून तिकडे. मला दोन-तीनदा घेऊन गेले. पाइपची चौकट, त्यावर पत्रा, छप्पर उचलायला मोटारीच्या डिकीला असतात तसले दांडे. छपरावर सोलरची काच बसवली तेव्हा दांड्यांना ते वजन पेलेना, छप्पर आपोआप खाली यायला लागलं. मिस्त्री हसून म्हणाला, "काका, आ तो सूई जाय छे." झोपी जातंय म्हणे. मग जाडे दांडे आणले.

मी म्हटलं, "हे काय घर? कोंबड्यांचं खुराडं आहे."

"मासी, मुरघी पण खुश रहेशे," मिस्त्री म्हणाला. मला हसू आलं. ह्यांना नाही आलं.

एक गोष्ट मात्र ते पहिल्या दिवसापासून सांगत होते. शेगडीच्या खोक्यामागे, अगदी तळाशी, पत्र्याला हातभर जाळी हवी. कारखान्यात जन्म गेला होता. गॅस गळला तर खाली बसतो, म्हणायचे, त्याला खालून वाट पाहिजे, आणि छप्पर मिटलं की आतल्या माणसाला हवासुद्धा तिथूनच. खडूनं जागा आखून दिली होती.

आता ह्यांच्या गुजरातीबद्दल सांगते. जन्म बडोद्यात गेला, पण त्यांची गुजराती म्हणजे मराठीच्या शेपटीला छे लावलेली. भाजीवाल्याशी चालून जायची. शेवटच्या आठवड्यात गुडघे धरले म्हणून तिकडे जाणं बंद होतं, तेव्हा गॅलरीत उभं राहून मिस्त्रीला फोनवर ओरडून सांगत होते. तिकडे पत्रा कापायच्या यंत्राचा आवाज, म्हणून इकडे हे जास्तच ओरडत होते. मी आत कणीक मळत होते. मला प्रत्येक शब्द ऐकू आला, माझ्या बाजूच्या तीन बिऱ्हाडांनाही आला असेल.

"नीचेनी जाळी काढजो! भूलता नई! नीचेनी जाळी काढजो!"

गाडी घरी आली त्या दिवशी सगळी सोसायटी जमली. हे कळ दाबून छप्पर वर घ्यायचे, खाली आणायचे, पुन्हा वर. लोक टाळ्या वाजवत होते. सगळे वर बघत होते, हेसुद्धा. तळाशी वाकून कोण बघतंय? आतून शेगडीचं खोकं, बाहेरून त्या जागेवर स्टेपनी टांगलेली.

थंडीत आम्ही कच्छकडे निघालो. गाडीचं मागचं दार मला पहिल्यापासून आवडलं नव्हतं. बिजागरी वाकडी बसली होती, त्यामुळे खालच्या कोपऱ्यात फट. माझी बसायची जागा दाराशीच, कारण उठून भांडी घासायला मीच उतरणार. सगळा प्रवास त्या फटीतून गार वारा माझ्या कंबरेत शिरत होता आणि मी त्या फटीला शिव्या घालत होते.

"परत गेलो की बसवून घेऊ नीट," हे म्हणायचे.

त्या संध्याकाळी वारा एवढा सुटला की छपराखालचं कापड फडफडून फाटेल असं वाटलं. त्यांनी छप्पर खाली घेतलं. आत बसण्यापुरती जागा राहिली. मी खिचडी केली. ती झाल्यावर मी शेगडी बंद करायला गेले तर म्हणाले, राहू दे बारीक, गुडघे धरलेत. ते आतल्या टोकाला, शेगडीला टेकून. मी दाराशी, फटीला पाठ लावून.

थोड्या वेळानं मी म्हटलं, "कोंदट होतंय. दार उघडू का?"

"धूळ येईल सगळी. खाली जाळी आहे गं."

ते त्यांचं शेवटचं बोलणं. मग मला डुलकी लागली की काय झालं, सांगता येत नाही. मळमळलं म्हणून जाग आली. दार ढकललं आणि मी बाहेर पडले, तोंडावरच. पुढचं वर सांगितलं आहे. मिठाचा एक ट्रॅक्टर चालला होता, त्याच्या चालकानं दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं हात लावला आणि मान हलवली. म्हणाला, बंद जागेत शेगडीचा विषारी वायू साठला, चेहरा लाल त्यामुळेच.

मुलगा परदेशातून आला. तेरावं झालं. मग त्यानं स्टेपनी खोलली, खोकं ओढलं, आणि मागे कोरा पत्रा बघून तो लाल झाला. जाळीचा पत्ताच नव्हता. म्हणाला, केस करणार, त्या माणसाला आत टाकणार.

मिस्त्री बोलावण्याआधीच आला. चप्पल बाहेर काढून जमिनीवर बसला.

"मासी, छोकरांना सोगंद. काकाए ज कह्युं. में तो जाळी बेसाडेली. फोन आव्यो, नीचेनी जाळी काढजो. मने थयुं धूळ आवशे एटले. में काढी नाखी, पतरुं मारी दीधुं." काकांनीच फोनवर सांगितलं म्हणून बसवलेली जाळी काढून पत्रा ठोकला म्हणे.

"खोटं बोलतोय," मुलगा म्हणाला. "बाबा काढायला कशाला सांगतील?"

मला तिथल्या तिथे कळलं. आम्ही भिंतीला खिडकी काढतो. भिंतीत नसते ती करतो, त्याला काढणं म्हणतो. गुजराती माणूस बारी मूकतो, म्हणजे खिडकी बसवतो, आणि काढतो म्हणजे उखडून फेकतो. हे जाळी करायला सांगत होते, तेही दोनदा, ओरडून. त्यानं बसवलेली जाळी तेवढ्याच इमानानं उखडली.

मी मुलाला म्हटलं, "तुझा बाप हेच बोलला. मी कानांनी ऐकलंय. केस केलीस तर मी तिथेही हेच सांगेन."

"आई, तुला बाबांचं काहीच वाटत नाही का?"

"तुझ्या बाबांना पंचवीस वर्षं खिडकी काढा म्हणून सांगितलं, ती काढली नाही. ह्याला एकदा जाळी काढ म्हटलं, ह्यानं काढली. सांग, कुणावर केस करू?"

तो उठून आत गेला. दुसऱ्या आठवड्यात परत गेला. अजून फोन करतो, पण सणावारालाच.

मिस्त्रीला मी चहा दिला. तो घेईना. मग घेतला. जाताना दारातून विचारलं, "मासी, गाडीनुं शुं करवुं छे?"

"ते घर काढ," मी म्हटलं, आणि माझीच जीभ अडकली. पुन्हा त्याच्या भाषेत नीट सांगितलं. उखाड. काढी नाख. समज्यो? नवुं कंई मूकतो नई. त्यानं प्रत्येक शब्दाला मान डोलावली.

त्यानं घर उतरवून नेलं. पिकअप आता एक दूधवाला चालवतो. स्वयंपाकघराची भिंत आहे तशीच आहे, धूर आहे तसाच आहे.

लोक विचारतात, दोघं एकाच डब्यात होतात, मग हे कसं झालं? असं झालं. ते जाळीशी बसले होते, मी फटीशी. मी वाचले.