घारे डोळे आणि बाटलीतल्या माश्या

बीडला एम.एस्सी. करत होते तेव्हा माझं निम्मं आयुष्य चिलटांत गेलं. पिकल्या केळ्यावर घोंगावतात ना, त्या फळमाश्या. मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून बाटलीत घालायचं, कापसाचा बोळा लावायचा आणि भिंगातून त्यांचे डोळे बघत बसायचं. कुणाचे लाल, कुणाचे पांढरे. गेवराईकडच्या आमच्या गावात लोक विचारायचे, पोरगी काय शिकती? आई सांगायची, "माश्या मारती." आजही तो आंबूस वास कुठे आला की मला बरं वाटतं.

त्याच वर्षी वहिनी नांदूरघाटला, माहेरी बाळंत झाली. मुलाचा फोटो भावाच्या मोबाइलवर आला. डोळे घारे. आमच्याकडे सगळे काळ्या डोळ्यांचे, वहिनीकडेही. शेजारणींनी फोटो बोटांनी मोठा करकरून बघितला आणि नको ते कुजबुजल्या. सव्वा महिना झाला की सासूनं कुंची घेऊन बाळंतिणीला आणायला जायचं, ही आमच्याकडची रीत. सव्वा महिना कधीच उलटला. आईनं शिवलेली कुंची पेटीतच. वहिनी फोनवर नुसती रडायची. भाऊ तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. मला असला संताप आला म्हणता!

एक बाटली उचलली आणि एसटीत बसले. शेजारच्या म्हाताऱ्यानं वास घेत विचारलं, "हातभट्टी हाय का?"

घरी पोचले ते अंगणातच आईच्या हातात भिंग दिलं. "बघ. ह्याचे आई-बाप दोघं लाल डोळ्यांचे. पोरगा पांढऱ्या."

आईनं पुष्कळ वेळ बघितलं. "मंग पांढरा आला कुठनं?"

"आईकडनं. तिच्यात लपलेला होता."

"मंग बाईवरच आलं की."

झालं. करायला गेले गणपती, झाला मारुती. घाईघाईनं म्हटलं, "माणसाचं तसं नसतं. घारेपण बहुतेक दोन्हीकडनं यावं लागतं. म्हणजे आपल्याही घरातनं आलंय. कुणाचे होते घारे?"

आई पदरानं भिंग पुसत राहिली. मग म्हणाली, "माझ्या मायचे."

तिची आई ती लहान असतानाच गेलेली. फोटो एकही नाही. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"घारी म्हून लोकं लई बोलले तिला. सकाळी समोर आली की तोंड फिरवायचे. म्हून म्या कुणाला सांगितलंच न्हाई. पोराचा फोटू बघितला अन् वळखलं. पर भ्याले."

वहिनीसाठी भांडायला आले होते मी, पण आईचा तो चेहरा बघून मलाच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदूरघाटला गेलो. आईनं नातवाला कुंची घातली, मांडीवर घेतलं आणि वहिनीच्या सगळ्या माणसांसमोर म्हणाली, "आमच्याकडचे डोळे हायती. माझ्या मायचे." वहिनी भिंतीला टेकून खाली बसली.

मग आई वाकली आणि त्या एवढ्याशा पोराला हळूच म्हणाली, "लई दिसानं आलीस गं माय."