पहिली तबकडी आणि चौघींची झील

डोंबिवलीच्या गणेशोत्सवात आमचा मेळा असायचा. त्यात मी सहा वर्षं गायले. मी ओळ म्हणायची आणि मागे उभ्या चौघीजणी तीच ओळ उचलून झील धरायच्या. एकदा ठाण्याच्या कार्यक्रमानंतर ग्रामोफोन कंपनीचे एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "या बाईंची तबकडी काढू." मेळा चालवणारे आमचे मास्तर पेटीवरून न उठताच म्हणाले, "काढा की. पण वर नाव मेळ्याचं छापा."

मी म्हटलं, "गळा माझा, तर नाव माझं."

"चार पोरी मागे आहेत म्हणून तुझं गाणं उभं राहतं," मास्तर म्हणाले. "एकटीने गाऊन बघ, फजिती होईल."

त्याच दिवशी मी मेळा सोडला. आई म्हणाली, "अगं, लोक काय म्हणतील?" लोक म्हणायचे ते म्हणालेच. मला त्याचं आजही सोयरसुतक नाही.

आता फजितीचंही सांगून टाकते. ध्वनिमुद्रणात पहिली ओळ झाली आणि सवयीने मी झिलीसाठी थांबले. मागे होतं कोण? तबला एक आवर्तन नुसताच वाजत राहिला. पुढची ओळ मी ठणकावून उचलली, पण मधली ती रिकामी जागा तशीच राहिली. "पुन्हा गाते," असं मी म्हटलं, तर ते गृहस्थ घड्याळ बघत म्हणाले, "हेच चालेल."

तबकडी आली. मधोमध माझं एकटीचं नाव! पण मास्तरांनी गावभर केलं, "पहिल्याच ओळीला बाईंचा दम तुटला." संतापाने मला रडूच फुटलं. मग त्या गणपतीत मी तबकडी घेऊन मुद्दाम मेळ्याच्याच मांडवात गेले आणि कर्णेवाल्याला म्हटलं, "लावा." मेळा गायला उभा राहत होता, मास्तर पेटीशी, चौघी मागे.

"दम पुरेल ना?" मास्तरांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"ऐका तर खरं," मी म्हटलं.

कर्ण्यातून पहिली ओळ आली आणि तबला एकटा पडला. मी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. तेवढ्यात त्या चौघींनी, कुणी खूण केली नसताना, खणखणीत झील धरली. मास्तर वळून हाताने त्यांना गप्प करू लागले. त्यांनी ओळ पुरी म्हटली, आणि बरोबर तिथूनच तबकडीतल्या माझ्या आवाजाने पुढची ओळ उचलली.