सासूबाईंची पंच्याहत्तरी आणि माझी लॉक स्क्रीन

माझ्या सासूबाई जिवंत आहेत आणि ठणठणीत आहेत, हे आधीच सांगून टाकतो. गेला महिनाभर आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मला हे कुणाला ना कुणाला सांगावंच लागतंय.

लग्नाला वीस वर्षं झाली, पण सासूबाईंनी माझ्या एकाही कामाला चांगलं म्हटलं नव्हतं. त्यांची पंच्याहत्तरी आमच्या घरी करायची ठरली तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, या वेळी शाबासकी घ्यायचीच. त्यांचे जुने फोटो माझ्या लॅपटॉपवरून टीव्हीवर दाखवायचे. लॅपटॉप विंडोजवाला नाही, लिनक्सवाला. (घरात दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. याला ते वैताग म्हणतात, मी आदर म्हणतो.)

"मोबाइलवरून लाव ना सरळ," माझी बायको मीनल म्हणाली. "तुझं ते लिनक्स ऐनवेळी वाट लावतं."

झालं. आता माघार घेणं शक्यच नव्हतं. उलट मी लॉक स्क्रीनसुद्धा सजवली. सासूबाईंचा हसरा फोटो घेतला, भोवती झेंडूच्या फुलांची महिरप टाकली. रंगीत साडीवर तारीख-वेळ नीट वाचता येईना, म्हणून फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला. पासवर्डची चौकट नेमकी त्यांच्या नाकावर येत होती, ती अदृश्य करून टाकली. एकदम झकास दिसायला लागलं.

वाढदिवसाच्या सकाळी फोटो दाखवून झाले. सासूबाई औक्षणाआधी साडी बदलायला आत गेल्या. मीनलने पंच्याहत्तर दिव्यांचं ताट टीव्हीखालच्या टेबलावर ठेवून दिवे लावले. तेवढ्यात लॅपटॉप आपोआप लॉक झाला आणि वरच्या मजल्यावरचे साठेकाका दारात आले.

काका थबकले. टीव्हीभर सासूबाई, काळ्यापांढऱ्या, झेंडूच्या फुलांत. खाली तारीख आणि वेळ. त्याखाली दिवे. त्यांनी चपला काढून हात जोडले.

"आज सकाळीच गेल्या? अकरा दहाला?"

"नाही हो काका, ते घड्याळ आहे."

काकांनी डोळे मिटले होते, त्यामुळे अकरा अकरा झालेले त्यांना दिसले नाहीत. डोळे उघडल्यावर त्यांना दिसला तो केक. "अरे, तुला काही लाज?" ते म्हणाले.

मी घाईघाईने पासवर्ड टाकायला बसलो, न दिसणाऱ्या चौकटीत. तीनदा चुकलो आणि लिनक्सने मला दहा मिनिटं बाहेर उभं केलं.

"वायर काढ टीव्हीची," मीनल दातओठ खात म्हणाली.

"वायर काढायची म्हणजे तुझं खरं झालं."

"प्रसाद, माझी आई आत जिवंत आहे!"

नेमक्या तेव्हाच सासूबाई नवी साडी नेसून बाहेर आल्या. साठेकाका मटकन सोफ्यावर बसले. सासूबाई टीव्हीकडे बघत राहिल्या. वीस वर्षांची मेहनत गेली, असंच वाटलं.

"फोटो चांगला केलाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "जपून ठेवा जावईबापू. पुढे लागेल."

शाबासकी ती शाबासकी! आणि ती लिनक्समुळे मिळाली, मोबाइलमुळे नाही, हे मी मीनलला त्याच दिवशी ऐकवलं. लिनक्स मी सोडणार नाही म्हणजे नाही. फक्त लॉक स्क्रीनवर आता माझा फोटो असतो. तो सासूबाईंनी स्वतः निवडलाय. झेंडू मात्र तसाच राहू दे म्हणाल्या.