नुसती ‘सूचना’

ये, अशी जवळ बस आणि मावशीची बोलणी खा. तुम्ही पोरी सरकारी सूचना वेबसाइटवर चढवता, मग विषय, वॉर्ड, तारीख जोडायला कंटाळता का गं? परवा इथे आमच्या बेहाला भागात नळ बंद होते. शोधायला गेले, तर सगळीकडे नुसतं ‘सूचना’! पहिली उघडली, तीत ‘संध्याकाळी पाणी येईल’ होतं. मी निर्धास्त. ती निघाली गेल्या वर्षीची. मग दुखऱ्या गुडघ्यांनी हे गल्लीतल्या हापशावरून बादल्या आणत बसले. यांच्या नोकरीतल्या दर बदलीला मी खोक्यांवर आतलं सामान लिहायचे, तेव्हा हेच हसायचे मला. परवा म्हणाले, “तुझी खोकीच बरी होती.” थकलो गं आम्ही. लवकर पुन्हा ये, पुढची सूचना तूच शोधून दे.