न तपासता भरलेल्या बाटल्या

"डाक्तर, मालक उठंनात. पानीच पानी मागतात." बायजा दारातूनच बोलली. मागे डोलीत तिचा नवरा, धोंडू.

एकोणीसशे तीसनंतरची गोष्ट. महाडला माझी डिस्पेन्सरी होती. धोंडू पोलादपूरच्या वरच्या वाडीतला शेतकरी. सहा महिन्यांपूर्वी अशक्तपणा म्हणून आला होता. आमच्याकडे हिवतापाने माणसं पांढरीफटक पडायची. अशक्तपणा म्हटला की माझा हात लोहाच्या मिक्श्चरकडेच जायचा, कारण रक्ताला लोह लागतं. पुढे दर पंधरवड्याला बायजा रिकामी बाटली आणायची आणि कंपाउंडर भरून द्यायचा. पेशंट येत नाही म्हणजे बरा असणार, असं मी सोयीने धरून चाललो.

आता बघतो तर कातडी जुन्या तांब्याच्या भांड्यासारखी.

"उनानं रापलेत," बायजा म्हणाली.

काखेतही तोच रंग होता. काखेत कुठलं ऊन? पोट दाबलं. यकृत बरगडीखाली चार बोटं उतरलेलं, घट्ट. लघवी निळ्या द्रावणात उकळली, ती विटेसारखी लाल झाली. म्हणजे साखर.

मुंबईत शिकताना असा रोगी एकदाच पाहिला होता. काही शरीरांत लोह साठतच जातं. यकृतात, कातडीत, स्वादुपिंडात. साखर जिरवणारं इन्सुलिन स्वादुपिंडातच तयार होतं. ते बिघडलं की मधुमेह. आणि अशा माणसाला मी सहा महिने लोह पाजत होतो!

"येक डोस चुकवला नाय, डाक्तर," बायजा रडवेली झाली. "माजं काय चुकलं?"

"तुझं नाही. माझं चुकलं."

मिक्श्चर बंद केलं. इन्सुलिनसाठी मुंबईला तार केली. ते आगबोटीने यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मला घास गोड लागला नाही. धोंडू कधी शुद्धीत, कधी नाही. इंजेक्शनं सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी उठून बसला आणि पेज मागितली. पुढे दीड वर्ष जगला. लोहाचा साठा जुनाच, तुमच्या बाटल्यांनी फार भर पडली नसेल, असं माझ्या प्रोफेसरांनी लिहिलं. माझं समाधान झालं नाही.

त्या दिवशी धोंडू पेज पीत असताना बायजा भिंतीला टेकून धापा टाकत होती. मी तिची पापणी खाली ओढली. आतून पांढरीशुभ्र, रक्ताचा टिपूस नाही.

"दम कधीपासून लागतो?"

"चढावर लागतो. सगल्यांनाच लागतो."

सहा महिने ती लोहाच्या बाटल्या डोंगरावर वाहत होती आणि मी एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

"तू का नाही सांगितलंस गो?"

"तुमी इचारलं कवा?"

तेव्हापासून मी बाटली आणणाऱ्या बाईचीही पापणी बघत आलो.