काकीच्या पायांहून चपळ

रोह्याजवळ वरशाला माझी मैत्रीण सुनीता राहते. तिच्याकडे मुक्कामाला गेले, तर म्हणाली, "माझ्या काकीचं मिठाचं आगर बघितल्याशिवाय तुला सोडायची नाय." सकाळच्या गाडीने नागोठणे, पेण मागे टाकून आम्ही जित्याला उतरलो. खाडीकाठी काकी बायकांच्या ओळीत ओला चिखल पायांनी तुडवत होती. मिठाच्या वाफ्याचा तळ असा घट्ट झाला, की मगच त्यात खारं पाणी सोडतात.

दुपारी कोलंबीचं कालवण वाढताना काकीच्या हातातून पळी निसटली. उचलायला गेली, तर उजवा हात उठेचना. सुनीताचा चेहरा उतरला. रिक्षा करून आम्ही तडक पेणचं एक रुग्णालय गाठलं.

"मेंदूत गुठळी असेल तर औषध आत्ताच द्यायला हवं. उशीर झाला तर हात कायमचा जाईल," डॉक्टर म्हणाल्या आणि एमआरआयला पाठवलं.

यंत्र धडधडू लागलं, तसे काकीचे पाय चालू लागले. डोकंही हललं आणि चित्र पुसट आलं. पुन्हा तेच.

"काकी, पाय का हलवताय?" यंत्र चालवणाऱ्या ताईंनी विचारलं.

"अगो, ढप ढप आयकलं की पाय तुडवाया लागतात. सवयच तशी हाय!"

इतक्या घोरातही मला हसू फुटलं.

"असू द्या," ताई म्हणाल्या. "आधी मेंदूतल्या पाण्याच्या हालचालीची चित्रं घेते. पद्धत इतकी झटपट आहे, की पाय हलायच्या आत चित्र निघतं."

मेंदूतलं पाणी सतत हलत असतं. गुठळीमुळे जिथे रक्त पोचत नाही, तिथे ते अडतं आणि ती जागा पांढरी दिसते, असं ताईंनी सांगितलं. मिनिटभरात पडद्यावर शेंगदाण्याएवढा पांढरा ठिपका उमटला. मी थक्क झाले. जिवंत माणसाच्या डोक्यात पाणी कुठे थांबलंय, हे मी डोळ्यांनी बघत होते! रक्तस्राव नसल्याची खात्री करून डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं.

ठिपक्याचं ऐकून काकी म्हणाली, "पाणी थांबलं की पांढरं व्हनारच. आमचं मीठ तसंच पडतं."

सुनीता तिथेच राहिली. संध्याकाळी मी एकटीच रोह्याला निघाले. सकाळपासून आम्ही काकीशी बोलत होतो, तिच्या हातचं जेवत होतो. तिच्या डोक्यात काय घडतंय, याचा आम्हाला पत्ता नव्हता. यंत्राने ते काकीला स्वस्थ पडायलाही न लावता पाहिलं. मी मनोमन हात जोडले.

नागोठण्याजवळ फोन वाजला. सुनीता रडत होती.

"काय झालं गं?"

"काकीने माझा हात धरलाय. उजव्या हाताने. सोडतच नाय."